बोलणाऱ्याची बोरं

रविवारी नागपूरच्या एखाद्या कॉलेजात ‘पूल कॅम्पस’ असला, की उमरेड, काटोल, सावनेर, पवनीहून निघणाऱ्या पहिल्या एसटीत ते कळतं. खिडकीजवळ चार-पाच मुली बसलेल्या असतात. इस्त्रीचा फिक्या रंगाचा कुर्ता, मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, त्यात दहावीपासूनच्या मार्कशीट, आणि ओठ सारखे पुटपुटत असतात. देवाचं नाव नाही हो, ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’ची उजळणी चाललेली असते! मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच या प्रवासातला दिलासा. सोबत भाऊ किंवा बाबा. ते दिवसभर कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसणार आणि दर अर्ध्या तासानं फोन करणार, “झालं का वं?”

पूल कॅम्पस म्हणजे अनेक कॉलेजांच्या मुलामुलींना एकाच ठिकाणी बोलावून कंपनीनं केलेली भरती. मिहानमध्ये मोठमोठ्या आयटी कंपन्या आल्या, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने आहेतच, बँका, विमा, कॉल सेंटर, मॉल, खासगी शाळा, सगळीकडे माणसं लागतात. आणि अर्ज करणारे तर विचारूच नका. त्यामुळे एकेकाला आत बोलावून निवांत मुलाखत घेण्याचे दिवस गेले. आता दहा-बारा जणांना एकदम खोलीत घेतात. खुर्च्या गोल मांडलेल्या. छातीवर नंबराचा कागद. कोपऱ्यात दोन माणसं वही घेऊन बसलेली. फळ्यावर विषय येतो, ‘सोशल मीडिया शाप की वरदान’ किंवा तसलाच काहीतरी. दोन मिनिटं विचार करायला, दहा-पंधरा मिनिटं बोलायला. सुरू करा.

आणि मग जे सुरू होतं त्याला चर्चा म्हणायचं की लग्नातली पंगत, हे ज्यानं त्यानं ठरवावं!

या खोलीतून बाहेर आलेल्या मुलींशी बोललं की गावं वेगवेगळी असली तरी गाऱ्हाणं एकच ऐकू येतं. मले तं बोलूच नाही देलं. मुद्दा तयार होता, वाक्यही जुळवलं होतं, पण तोंड उघडलं की शेजारचा सुरू. तिसऱ्यांदा हिंमत केली तोवर माझा मुद्दा दुसऱ्यानंच सांगून टाकला. शेवटी वेळ संपली. दुपारी भिंतीवर यादी लागली, तिच्यात नाव नाही. का नाही, हे सांगायला कोणी नाही. विचारायला जावं तर “नेक्स्ट टाइम, ऑल द बेस्ट.”

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वर्गात पहिली येणारी, प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांना समजावून सांगणारी मुलगी या गोलात गप्प होते, आणि आपण घरी म्हणतो, “तू बोलत काऊन नाही? तोंडात मूग गिळून बसली होती का?” पण त्या पंधरा मिनिटांचा हिशेब कोणी मांडला आहे का? बारा जण आणि पंधरा मिनिटं. सगळ्यांनी अगदी शिस्तीत, एकामागून एक बोलायचं ठरवलं तरी एकीच्या वाट्याला सव्वा मिनिट येतं. त्यातले दोघे तीन-तीन मिनिटं बोलले, की उरलेल्या दहा जणांना पाऊण-एक मिनिटाच्या आत आपली सोळा-सतरा वर्षांची शाळा-कॉलेजची पुंजी दाखवायची. त्यातही इंग्रजीत. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी आणि डोक्यात मराठी असलेल्या मुलीला वाक्य मनात उलटून घ्यायला जे तीन सेकंद लागतात ना, त्या तीन सेकंदांत गाडी निघून जाते.

बोलणाऱ्याची बोरं विकतात असं आपल्याकडे म्हणतात. खरंच आहे ते. पण आपल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग लागतो, तेव्हा व्यापारी आधी फळ हातात घेऊन बघतो, दाबून बघतो, आणि मग बोली लावतो. इथे मात्र फळ न बघता नुसत्या हाळीवरच भाव ठरतो.

कंपन्यांना हे कळत नाही का? कळतं. पण त्यांचाही एक हिशेब आहे आणि तो आपण समजून घेतलेला बरा. समजा तीनशे जण आले. प्रत्येकाला फक्त बारा मिनिटं द्यायची म्हटलं तरी साठ तास होतात. म्हणजे एका पॅनेलला आठवडाभराचं काम. त्याऐवजी बारा-बाराचे पंचवीस गट केले, प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली, की सव्वासहा तासांत तीनशेचे साठ होतात आणि पॅनेल संध्याकाळच्या विमानानं परत! म्हणून ही गोल खुर्च्यांची फेरी बहुतेक ठिकाणी निवडण्यासाठी नसतेच, ती गाळण्यासाठी असते. चाळणीतून गव्हाबरोबर खडाही खाली जातो आणि कधी चांगला टपोरा दाणा वरच राहतो, तशातली गत.

आता ही पद्धत आली कुठून, ते ऐकलंत तर गंमत वाटेल. ही मुळात साबण विकणाऱ्या कंपन्यांची नाही, ही लष्कराची आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी अधिकारी निवडताना उमेदवारांना एकत्र बसवून बोलतं करायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना अधिकाऱ्यांचा तुटवडा पडला. तोवर त्यांची निवड घराणं आणि शाळा बघून व्हायची. १९४२ मध्ये त्यांनी निवड मंडळं काढली आणि तिथे विल्फ्रेड बायन नावाच्या डॉक्टरनं एक युक्ती केली. उमेदवारांचा गट करायचा, त्याला काम द्यायचं, पण नेता नेमायचा नाही. मग गटात कोण कसं वागतं ते नुसतं बघत राहायचं. कोण दुसऱ्याला सांभाळून घेतो, कोण फक्त स्वतःचं घोडं दामटतो, ते आपोआप दिसतं. हा बायन जन्मला होता आपल्या मथुरेत, १८९७ साली! आठ वर्षांचा असताना शिकायला विलायतेला गेला. भारतात १९४३ मध्ये डेहराडूनला याच धर्तीवर मंडळ सुरू झालं आणि त्यातूनच आजची एसएसबी, म्हणजे सैन्यदलाची सेवा निवड मंडळं, उभी राहिली.

नागपूर-कामठीच्या लोकांना एसएसबी काही नवी नाही. कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची अकादमी आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. एनसीसीत गेलेल्या मुलींच्या तोंडी ‘भोपाळ’ हा शब्द सारखा असतो, कारण आपल्याला जवळचं निवड केंद्र भोपाळचंच. सैन्याच्या वैद्यकीय शाखांबाहेर मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली. एनडीएची परीक्षा त्यांच्यासाठी खुली व्हायला मात्र २०२१ साल उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. मे २०२५ मध्ये त्या पहिल्या तुकडीतल्या सतरा मुली खडकवासल्याहून शिकून बाहेर पडल्या.

तर ही एसएसबी चालते पाच दिवस. पहिल्या दिवशी चाळणी असते. एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. या फेरीला उमेदवार आपसांत ‘मच्छी बाजार’ म्हणतात, यावरून तिथे काय चालतं ते ओळखा! म्हणजे तिथेही गोंगाट आहेच. पण पुढचे दिवस बघा. लेखी मानसशास्त्रीय चाचण्या, एकट्याची सविस्तर मुलाखत, मैदानावर फळ्या-दोर-पिंप घेऊन अडथळे पार करणं, आधी मोठ्या गटात आणि मग गट अर्धा करून, म्हणजे आधी दबलेल्यांना वाव मिळावा. प्रत्येकीला एक काम असं मिळतं की ज्यात ती प्रमुख आणि बाकीच्या मदतनीस. शिवाय ‘लेक्चरेट’ असतं, तीन मिनिटं फक्त तू बोल, बाकी सगळे ऐकतील. तीन वेगवेगळे परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून ठरवतात.

कंपन्यांनी काय केलं? या पाच दिवसांच्या ताटातली एक चटणी तेवढी उचलली आणि तेच जेवण म्हणून वाढलं. गटचर्चा घेतली आणि बाकी सगळं सोडून दिलं. मला विचाराल तर तक्रारीचं मूळ इथे आहे. गटात बसवण्यात वाईट काही नाही, पण त्या एका पंधरा मिनिटांवर निकाल लावणं हा अन्याय आहे.

आणि हे नुसतं नापास झालेल्यांचं रडगाणं नाही. अभ्यासकांनी मोजून दाखवलेलं आहे. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की गटात बसून कल्पना सुचवणाऱ्या माणसांपेक्षा तेवढीच माणसं एकेकटी बसवली तर जास्त कल्पना निघतात. कारण साधं आहे. गटात एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटून जातं. तुमच्या मुलीचं वाक्य निसटलं ते असं. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच-पाच जणांचे गट केले होते. ज्या गटात बायका एक किंवा दोनच होत्या आणि निर्णय बहुमतानं घ्यायचा होता, तिथे त्या त्यांच्या वाट्यापेक्षा खूपच कमी बोलल्या. निर्णय एकमतानं घ्यायचा असा नियम केला, तेव्हा त्याच संख्येच्या बायका जास्त बोलू लागल्या. बाई तीच असते, खोलीचा नियम बदलला की तिचा आवाज बदलतो! आणखी एका अलीकडच्या अभ्यासात आढळलं, की गटातले लोक नेता म्हणून ज्याचं नाव घेतात तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त वेळ बोललेला असतो, मग तो काय का बोललेला असेना. त्यातही बाकी सगळं सारखं असताना पुरुष असल्याबद्दल साधारण एक मत जादा मिळतं.

म्हणूनच की काय, शहाण्या लोकांनी हा प्रकार आवरता घेतला आहे. व्यवस्थापनाच्या शिक्षणात आयआयएमचं नाव मोठं. गटचर्चेचा धाक आपल्याकडे पसरला तो बराचसा त्यांच्या प्रवेशामुळे. पण २०१०-१२च्या सुमारास अहमदाबाद, बंगळूर यांसारख्या आयआयएमनी गटचर्चा बंद करून त्याऐवजी लेखी चाचणी आणली. विषय द्या, थोडा वेळ द्या, शांतपणे लिहू द्या. सरकारनं तर खालच्या पदांची मुलाखतच काढून टाकली. १५ ऑगस्ट २०१५च्या भाषणात पंतप्रधानांनी तसं सुचवलं, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या क आणि ड गटातल्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांना मुलाखत राहिली नाही. ओळख-वशिला थांबावा हा त्यामागचा हेतू, पण त्याचा फायदा अबोल मुलींनाही झाला. आज आपल्या भागातल्या कितीतरी पोरी तलाठी, पोलीस, बँकेतली क्लार्क या परीक्षांच्या अभ्यासिकेत दिवस-दिवस बसलेल्या दिसतात. लोक म्हणतात, यांना सरकारी नोकरीचीच हौस. हौस कशाची? तिथे कागदावर मार्क असतात, आणि का नाही घेतलं ते निदान आकड्यात तरी कळतं.

आता एका नाजूक गोष्टीकडे येते. गटातल्या मुलाखतीत काही ठिकाणी विषयाची चर्चा संपली की पॅनेल एकेकीला सगळ्यांसमोर प्रश्न विचारतं. आणि मुलगी असली की गाडी हमखास एकाच स्टेशनावर येते. लग्न ठरलं का? ठरलं तर मुलगा कुठला? लग्नानंतर नोकरी करणार का? मूलबाळ? लग्न झालेली असेल तर, मुलाला कोण सांभाळतं? हे प्रश्न एकटीला विचारले तरी चुकीचे, इथे तर अकरा अनोळखी माणसं ऐकत असतात. शेजारच्या मुलाला मात्र कोणी विचारत नाही, की बाबा रे, तुझी बायको तुला नोकरी करू देणार का!

याबाबतीत कायदा आपल्या बाजूनं आहे, हे मुलींना माहीतच नसतं. १९७६च्या समान मोबदला कायद्यातच लिहिलं होतं, की सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करता येणार नाही. आता त्या कायद्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही तीच तरतूद आहे. आणि एक जुना निकाल सांगते. नीरा माथूर नावाच्या बाईंना आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली. भरतीच्या वेळी एका प्रतिज्ञापत्रात त्यांना मासिक पाळीबद्दल विचारलं होतं. पुढे बाळंतपणाच्या रजेवर गेल्यावर, ती माहिती खोटी दिली असं म्हणून त्यांना काढून टाकलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९१ मध्ये न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले लाजिरवाणे रकाने अर्जातून काढून टाकायला महामंडळाला सांगितलं. तेव्हा, कागदावर जे विचारायला बंदी झाली ते भर गटात तोंडी विचारायचं, हे कसं चालेल?

रात्रपाळीचंही असंच. “नाइट शिफ्ट कोणाला चालेल, हात वर करा,” असं सगळ्यांसमोर विचारतात. बाराजणांतल्या नऊ जणांनी हात वर केला की दहावीचा हात आपोआप वर जातो, मग घरी गेल्यावर पोटात गोळा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर बोलवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची, घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकानं करायची असते. आता सांगा, नोकरी जाईल या भीतीनं घोळक्यात वर केलेला हात, याला संमती म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. अशा वेळी मुलीनं शांतपणे एवढंच विचारावं, “सर, गाडीची सोय घरापर्यंत असेल ना? ते कळलं की सांगते.” हा प्रश्न विचारला म्हणून कोणी नापास करत असेल, तर तिथली रात्रपाळी कशी असेल ते तिथेच कळलं.

तिशी ओलांडलेल्या बायकांचं दुखणं आणखी वेगळं. लग्न, बाळंतपण, सासूचं आजारपण यात आठ-दहा वर्षं गेली, आता मुलं शाळेत जातात, म्हणून ती अर्ज करते. आणि गोलात बसते तर डावी-उजवीकडे बावीस वर्षांची पोट्टी! त्यांना सगळी नवी नावं तोंडपाठ. हिला वाटतं, आपण इथे शोभतच नाही. खरं म्हणजे बारा तोंडं एकाच वेळी बोलत असताना कोणाला काय हवं ते ओळखणं आणि गाडं रुळावर आणणं, हे ती रोज जेवणाच्या वेळी करते. गटचर्चेत परीक्षक शोधतात ते हेच. फरक एवढाच, की घरी ती हुकमानं करते आणि इथे परवानगीची वाट बघत बसते.

तर मग या गोलात शिरायचंच असेल तर काय करायचं? क्लासवाले सांगतात, ‘सगळ्यात आधी तुम्हीच सुरू करा.’ मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. विषय पक्का माहीत असेल तरच सुरुवात करावी, नाहीतर पहिल्याच वाक्याला अडखळलं की पुढे सावरणं अवघड. त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला, कोणीतरी श्वास घ्यायला थांबलं की शिरा. शिरताना आधीच्याचा धागा पकडा, “सात नंबर म्हणाले ते पटतं, पण आमच्या गावात उलट दिसतं.” गावातलं एक खरं उदाहरण हे वाचून पाठ केलेल्या दहा वाक्यांना भारी पडतं. मोबाइलवरून पैसे देण्याचा विषय असेल तर आठवडी बाजारातली भाजीवाली तुमच्या डोळ्यासमोर आहे, तिच्याबद्दल बोला. कोणी मधेच तोडलं तर गप्प बसू नका, पण आवाजही चढवू नका. “माझं एक वाक्य राहिलं,” एवढं म्हणून ते पूर्ण करा. आणि सगळ्यात चांगली जागा शेवटच्या दोन मिनिटांत मिळते. सगळे दमलेले असतात. तेव्हा “आतापर्यंत दोन मुद्दे आले, हा आणि हा,” असं जी सांगते, तिच्याकडे परीक्षकाची मान वळतेच. त्यासाठी आधी ऐकावं लागतं, आणि ऐकण्याची सवय आपल्याला आहेच.

एखादी मुलगी अगदीच गप्प असेल तर तिलाही बोलावून घ्या, “चार नंबरचं काय म्हणणं आहे ते ऐकू या.” तिचं भलं होईल आणि तुमचीही नोंद होईल.

सराव मात्र हवा, आणि त्याला क्लासचे हजारो रुपये लागत नाहीत. गच्चीवर पाच-सहा मैत्रिणी जमवा. पेपरातला अग्रलेख घ्या, मोबाइलवर पंधरा मिनिटं लावा, बोलणं रेकॉर्ड करा आणि मग ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून हसू येईल. चौथ्यांदा कळेल, की आपण वाक्य सुरू करतो आणि संपवत नाही. सुरुवातीला मराठीत, मग निम्मं-निम्मं, मग इंग्रजीत. आणि मुलाखतीच्या खोलीत हिंदी चालेल का, हे विचारायला लाजू नका. कित्येक कंपन्यांना ग्राहकांशी हिंदी-मराठीत बोलणारीच माणसं हवी असतात, तरी गटचर्चा मात्र इंग्रजीत घेतात. हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा, आणि हे आईवडिलांनीही वाचावं. ‘थेट भरती, अनुभवाची गरज नाही, मुलींना प्राधान्य’ असा निरोप येतो. एखाद्या हॉटेलच्या किंवा लॉनच्या हॉलमध्ये पन्नास-साठ जणांची एकत्र मुलाखत. कोटवाला माणूस माइकवरून बोलतो, टाळ्या होतात, दोघे-तिघे ‘मी महिन्याला किती कमावतो’ ते सांगतात. आणि आश्चर्य म्हणजे सगळेच पास! मग हळूच सांगतात, किट घ्यावं लागेल, किंवा ट्रेनिंगची फी भरावी लागेल, आणि तुमच्याखाली आणखी माणसं जोडावी लागतील. ही नोकरी नाही, साखळी आहे. माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८च्या कायद्यानं बंदी आहे, आणि थेट विक्रीबद्दलच्या २०२१च्या नियमांत प्रवेश फी घेऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. जिथे बारापैकी दहा नापास होतात तिथे निराशा येते हे खरं, पण जिथे साठपैकी साठ पास होतात तिथून पर्स घट्ट धरून उठावं. गटचर्चेत चार वेळा नाकारलेली मुलगी या हॉलमध्ये चटकन फसते, कारण तिला कोणीतरी पहिल्यांदाच ‘सिलेक्टेड’ म्हटलेलं असतं.

कंपन्यांना सांगण्यासारखं थोडंच आहे. चर्चेआधी प्रत्येकीला एक मिनिट बोलू द्या, मग मोकळं सोडा. गट आठाच्या वर नको. चर्चा कोणत्या भाषेत होणार ते आधीच कळवा. प्रश्न ठरलेले आणि सगळ्यांना सारखे ठेवा, कारण अशा ठरवून घेतलेल्या मुलाखतीतून माणसाची पारख जास्त बरोबर होते, हे पंचवीस वर्षांहून जुनं संशोधन आहे. आणि नाकारलं तर कारणाची एक ओळ पाठवा. आजकाल सगळ्यांचे मोबाइल नंबर तुमच्याकडे असतातच, सणाच्या शुभेच्छा बरोबर येतात.

आणखी एक. एसएसबीसाठी एखाद्या प्रवेश-प्रकारातून पहिल्यांदा बोलावलेल्या उमेदवाराला लष्कर जाण्या-येण्याचं रेल्वेभाडं देतं, तेही थर्ड एसीचं, मग निवड होवो की न होवो. पवनीहून नागपूरला आलेल्या मुलीचं अर्धं तिकीट द्यायला एखाद्या कंपनीला कितीसा खर्च येईल?